आमच्या सहलीला आलेली वांगआजी

"दुधाची पावडर, तांदूळ, बटाटे, पोरीचे डायपर, सगळं आत्ताच भरून ठेव," वांगआजी लिफ्टमध्ये माझ्या कानाशी ओरडली. "सणाच्या आठवड्यात या शहरात कोंबडीसुद्धा अंडं देत नाही."

लिफ्टमध्ये आम्ही तिघीच होतो. ती, मी आणि माझ्या कडेवर वर्षाची मैत्रेयी. ओरडायचं काही कारण नव्हतं. पण आजीचं आयुष्य सूतगिरणीत गेलं होतं आणि यंत्रं थांबून बरीच वर्षं झाली, हे तिच्या गळ्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

मी हसून मान हलवली. माझं माहेर सांगलीचं असलं तरी सासर पुण्याचं. दुकान बंद असणं ही बातमी नसून तो दुकानाचा मूळ स्वभाव असतो, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकले होते. एक ते चारच्या शाळेतून तावूनसुलाखून निघालेल्या बाईला चिनी लोक काय दुकान बंद करून दाखवणार?

"बघते आजी," मी म्हटलं. 'बघते' या शब्दाचा मराठीत जो अर्थ होतो तोच चिनीतही होत असावा, कारण आजीनं नाक उडवलं.

चीनमधल्या वूशी नावाच्या शहरात आम्ही तेव्हा राहत होतो. माझ्या नवऱ्याला, निरंजनला, त्याच्या गिअरबॉक्सच्या कंपनीनं तिथं धाडलं होतं, आणि त्याच्यासोबत सामान म्हणून मी आणि मैत्रेयी ऊर्फ मैतू. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. अशा बायकांना मूल होऊ देऊ नये असा कायदा हवा. इतर आयांना जे दिसत नाही ते मला दिसतं, आणि मला दिसलेलं इतर कोणाला दिसत नाही. बाटली मी दोनदा उकळायची, मग उकळलेल्या भांड्याचा संशय येऊन भांडं उकळायची. निरंजनच्या मते आमच्या घरात एक मूल आणि एक प्रयोगशाळा होती.

माझ्यापेक्षा जास्त काळजी करणारी एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे समोरच्या दारातली वांगआजी. नवरा गेलेला, मुलगा हाओ लांब दक्षिणेला, शेन्झेनच्या कुठल्याशा कारखान्यात. तिथं मुलाचं नाव घेऊन आईला हाक मारायची रीत आहे आणि आईला 'मामा' म्हणतात, त्यामुळे मी 'मैतू-मामा' झाले होते. दार उघडलं की समोरून हाक यायची, "मैतू-मामा! पोरीचे पाय उघडे आहेत! पोट झाकलंय का? कान?" जानेवारीच्या थंडीत मैतूला मी चार थर चढवले की आजी पाचवा आणून द्यायची. त्या हिवाळ्यात माझ्या मुलीला स्वतःचे हात खाली करता येत नव्हते.

तर सण. चिनी नववर्ष. निरंजनला पूर्ण आठवडा सुट्टी होती आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली होती. इंजिनियरच्या डोक्यात कल्पना येते तेव्हा ती एकटी येत नाही, सोबत तर्कशास्त्र घेऊन येते.

"बघ, या दिवसांत सगळा देश आपापल्या घरी जातो," तो म्हणाला. "म्हणजे फिरायच्या जागा रिकाम्या. साधी गोष्ट आहे."

"घरी जातो म्हणजे रस्त्यावरूनच जात असेल ना?"

"म्हणून तर आपण पाडव्याच्या सकाळी निघायचं. तोवर सगळे पोहोचलेले असतात." चिनी वर्षाच्या पहिल्या दिवसाला तो पाडवा म्हणायचा. "आन्हुई प्रांतात एक जुनं गाव आहे. पांढऱ्या भिंती, मधे तळं. एका घरगुती लॉजवाल्याशी बोललोय मी. कंपनीची गाडी आहेच."

"आणि मैतूला खायला?"

"गावात माणसं राहतात, शलाका. ती खात असतील."

ही सहल कोणाला सर्वात जास्त आवडली असेल तर वांगआजीला. तिला सांगितल्यापासून रोज संध्याकाळी ती आमच्या सोफ्यावर येऊन बसायला लागली. मैतूला मांडीवर घ्यायची आणि निरंजनची उलटतपासणी सुरू करायची.

"कुठल्या रस्त्यानं जाणार?"

"हायवेनं, आजी."

"वाटेत थांबणार कुठं?"

"पोरगी रडेल तिथं."

"खोली वर की खाली? खिडकीतून काय दिसतं?"

"तळं दिसतं म्हणाला."

"तळ्यात काय आहे?"

निरंजननं माझ्याकडे पाहिलं. "पाणी असावं, आजी."

"बदकं नाहीत?"

शेवटी त्यानं लॉजवाल्याला फोन लावला आणि नववर्षाच्या धांदलीत असलेल्या त्या गृहस्थाला विचारलं की तळ्यात बदकं आहेत का. होती. आजी अशी खूश झाली की जणू तिनंच सोडली होती.

चौकस म्हातारी, मी मनात म्हटलं. आमच्या सांगलीच्या गल्लीतही अशा होत्या; कोणाच्या घरी कुठली भाजी झाली हे घरच्यांआधी त्यांना कळायचं. पण इतकी वेडी चौकशी त्यांनीही केली नसती. थोड्याच दिवसांत आमची सहल आमच्यापेक्षा तिला जास्त पाठ झाली.

एकदा मी म्हटलं, "एवढी हौस आहे तर तुम्हीही चला ना आमच्याबरोबर."

आता खरं सांगायचं तर ते आमंत्रण पुणेरी होतं. समोरचा नाही म्हणणार याची खात्री करून मगच चहाचं विचारतात, तसं. आणि आजीनंही सासरची लाज राखली.

"छे छे! मी कशी येणार? माझा हाओ येतोय ना! बायको, पोरगा, सगळे. विमानानं!" 'विमानानं' हा शब्द तिनं इतक्या जोरात म्हटला की वरच्या मजल्यावरही कळलं असेल. "सहा-सात पदार्थ करायचेत. मासा तर अख्खा हवा. तुम्ही खुशाल जा. माझी काळजी करायला माझा मुलगा आहे."

मी सुटकेचा निःश्वास सोडला.

दुधाची पावडर घ्यायला मी सणाच्या तीन-चार दिवस आधी गेले. मैतूला एकाच प्रकारची पावडर सोसायची. दुसरी दिली की अंगभर पुरळ. ती ठेवणारं दुकान आमच्या भागात एकच. शटर खाली. शटरवर लाल कागद, त्यावर काळ्या शाईनं सुंदर अक्षरात शुभेच्छा आणि दुकान सणानंतर उघडेल अशी सूचना. शेजारचं फळांचं दुकान, शटर, लाल कागद. नूडल्सवाला, लाल कागद. केस कापणारा, लाल कागद. अख्खा रस्ता लग्नघरासारखा सजला होता आणि विकत काहीच मिळत नव्हतं. मोठ्या मॉलमध्ये गेले तर तिथं बाळांच्या पावडरचा रॅक असा झाडून नेलेला की धूळसुद्धा उरली नव्हती. ऑनलाइन मागवावं म्हटलं, तर कुरिअरवाली पोरं सगळी आपापल्या गावी. पुण्याची दुकानं चारला उघडतात हा त्यांचा केवढा मोठेपणा, हे मला त्या थंडीत कळलं.

मी रडवेली होऊन घरी आले. समोरचं दार उघडंच होतं.

"मिळाली?" आजीनं विचारलं.

"नाही."

ती आत गेली, पलंगाखालून खोका ओढला आणि मैतूच्या पावडरचे चार डबे माझ्या हातात ठेवले. "तू 'बघते' म्हणालीस त्याच दिवशी आणले," ती म्हणाली. "तू फार शिकलेली आहेस, मैतू-मामा. म्हणून मला तुझी भीती वाटते."

मी चारही डबे पोटाशी धरून घरात नेले.

सणाच्या आदल्या दोन दिवसांत आमची इमारत रिकामी होत गेली. लिफ्ट उघडली की आत माणसं कमी आणि सामान जास्त. निरंजननं कंपनीची गाडी आणून खाली उभी केली, तेव्हा आजी खाली आली. वाइन रंगाचा ठेवणीतला कोट, केस नुकतेच काळे केलेले, ओठांना चक्क लाली.

"फोटो काढू," ती म्हणाली. "गाडीसोबत. सगळे."

रखवालदार झाओ याला तिनं आपला फोन दिला. आम्ही उभे राहिलो. झाओ "एक, दोन" म्हणणार तेवढ्यात आजीनं माझ्या खांद्यावरची प्रवासाची मोठी पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि गाडीचं दार उघडून एक हात त्यावर ठेवला.

"हे कशाला?" मी मराठीतच निरंजनला विचारलं.

"परदेशी शेजारी आहेत म्हणून मुलापुढं मिरवायचं असेल," तो म्हणाला. "हस."

मी हसले. आजीही हसली. फोटो तिनं तीन-तीनदा मोठा करून पाहिला आणि मग पिशवी परत दिली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं ही तिथली मोठी रीत. लक्ष्मीपूजनाला घरातलं माणूस घरी हवं, तसं. दुपारपासून समोरून आलं, सोया सॉस आणि तळलेल्या माशाचा असा दरवळ सुटला की आमची मुगाची खिचडी खाली मान घालून बसली. संध्याकाळी तिच्याकडे टीव्ही मोठ्यानं लागला. गाणी, टाळ्या, हशा. घरात वीसेक माणसं असावीत असा कल्ला.

"बघ, मुलगा आला वाटतं," निरंजन म्हणाला. "आता तरी तू तिची काळजी सोड. तुझ्या यादीत जागा होईल."

"जाऊन भेटून येऊ का?"

"शलाका, त्यांचं घरचं जेवण चाललंय. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या ताटावर चिनी माणूस येऊन उभा राहिला तर तुझी सासू काय म्हणेल?"

सासू काय म्हणेल हे मला तंतोतंत ठाऊक होतं. मी गेले नाही.

पाडव्याच्या सकाळी सामान खाली गेलं. मैतूला लाल झबलं घातलं, कारण त्या दिवशी लहान मुलांनी थोरांना नमस्कार करायचा आणि थोरांनी पैशांचं लाल पाकीट द्यायचं असतं. आजीनं महिनाभर आधीपासून तिला हात जोडायला शिकवलं होतं. मी समोरची बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली. मैतू हात जोडून दाराला नमस्कार करत राहिली.

"झोपले असतील. रात्रभर जागतात हे लोक," निरंजन म्हणाला.

"टीव्ही चालू ठेवून?"

"टीव्ही बघता बघता झोपले असतील."

मी दाराखाली पाहिलं. आजीचे कापडी जोडे तेवढे बाहेर होते. त्या इमारतीत सगळ्यांचे जोडे बाहेरच असतात. "हाओ, त्याची बायको आणि पोरगा, तिघं काय अनवाणी आले विमानानं?"

"आज काही बाहेर ठेवत नसतील. मी वाचलंय, आज घरातलं काहीच बाहेर जाऊ देत नाहीत. केरसुद्धा काढत नाहीत, नशीब झाडलं जातं म्हणून." कुठल्याशा ब्लॉगवर वाचून निरंजन त्या आठवड्यात चिनी संस्कृतीचा प्राध्यापक झाला होता. "चल. परत येताना भेटू."

खाली झाओ एकटा हीटरशी बसला होता. त्याचं गाव इतकं लांब की जाऊन यायलाच सुट्टी संपली असती. मी काच खाली केली. "वांगआजीचे पाहुणे आले ना काल?"

"पाहुणे?" तो म्हणाला. "कालपासून या फाटकातून बाहेरचं कुत्रंही आत आलेलं नाही, मॅडम. आले असते तर गप्पा तरी मारल्या असत्या."

मी निरंजनकडे पाहिलं.

"मग तीच गेली असेल त्यांच्याकडे," तो म्हणाला आणि गाडी काढली.

शहर उपसून ठेवल्यासारखं रिकामं होतं. रस्त्यावर फटाक्यांच्या लाल कागदांचा सडा, तो झाडायला कोणी नाही. सिग्नल आपापल्या परीनं लाल-हिरवे होत होते. मैतू मागं झोपून गेली. हायवेचा टोलनाका दिसायला लागला तशी मी म्हटलं, "जिन्यातला दिवा कोणी चालू ठेवला तर ती अख्ख्या मजल्याला शिव्या घालते. ती टीव्ही चालू ठेवून शेन्झेनला जाईल?"

"शलाका."

"जोडे न घालता?"

"शलाका, मागच्या महिन्यात शांघायच्या अर्ध्या वाटेवरून तू मला गॅस बघायला परत आणलंस."

"बरोबर."

"गॅस बंद होता."

"म्हणजे दर वेळी बंदच असेल असं कुठं आहे? गाडी वळव."

"आता वळवली तर गावात पोहोचेपर्यंत..."

"निरंजन, बदकं कुठंही पळून जात नाहीत. वळव."

त्यानं वळवली. वळवताना जे पुटपुटला ते मैतू झोपलेली होती म्हणून बरं.

दारापाशी उभं राहून मी आजीला फोन लावला. आत, टीव्हीच्या गाण्यामागं, तिच्या फोनची रिंग ऐकू आली. वाजत राहिली. थांबली. पुन्हा लावला, पुन्हा वाजली. निरंजननं दारावर मुठी आपटल्या. आतून उत्तर आलं नाही, पण टीव्हीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

झाओ आमच्या मागोमाग वर आला होता, त्याच्याकडे हाओचा नंबर होता. मी लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"हाओ, मी तुमच्या आईच्या शेजारची, मैत्रेयीची आई..."

"अरे वा! नव्या वर्षाच्या शुभेच्छा!" तो इतका आनंदात होता की त्यानं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "कशी काय चाललीय सहल? आई त्रास देत नाही ना? गाडीत तिला मळमळतं, मी सांगणार होतो तुम्हाला."

"हाओ, तुम्ही कुठं आहात?"

"मी? शेन्झेनला. आम्हाला यंदा सुट्टी नाही, मोठी ऑर्डर आहे. आईला तुम्ही बरोबर घेतलंत, फार उपकार झाले. नाहीतर मी कसंही करून येणार होतो. तिनंच सांगितलं, येऊ नकोस, मी इंडियन लोकांबरोबर चाललेय. फोटो पाठवला तिनं गाडीतून निघतानाचा. काल दुपारी पोहोचल्याचाही मेसेज आला. खिडकीतून तळं दिसतं म्हणाली. बदकं आहेत म्हणाली. द्या ना तिला जरा, सकाळपासून उचलत नाहीये."

आम्ही आज सकाळी निघालो होतो, आणि ती काल दुपारीच पोहोचली होती.

मी त्याला काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. माझं चिनी भाजीबाजारापुरतं होतं. 'तुमची आई आमच्याबरोबर नाही' एवढंच त्या बाजारातल्या शब्दांत बसलं. पलीकडून कोणीतरी यंत्राच्या घरघरीतून बाहेर धावत आल्यासारखा श्वास.

"दार फोडा," तो म्हणाला. "काहीही करा."

दार लोखंडी होतं. कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याकडे निरंजन धावत गेला. लाल कागद. जिन्याच्या भिंतीवर कुलूपं उघडून देणाऱ्यांचे स्टिकर चिकटवलेले असतात, एरवी मी ते जंतूंची शेती म्हणून खरवडून काढायचे. झाओ एकेक नंबर फिरवू लागला. पहिले दोन बंद. तिसऱ्यानं उचलला, प्रेमानं शुभेच्छा दिल्या, आपण सिचुआनमध्ये आईच्या हातचं खात बसल्याचं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात नक्की येतो म्हणाला.

शेवटी अग्निशामक दलाला बोलावलं. सणाच्या दिवशी त्यांनाच काय ती सुट्टी नव्हती. दोघं जण गच्चीवरून दोर बांधून तिच्या बाल्कनीत उतरले. काच फुटल्याचा आवाज आला. मी मैतूला इतकं घट्ट धरलं होतं की ती रडायला लागली. आणि मग आतून, टीव्हीच्या वरताण, एक ओरडणं ऐकू आलं. गिरणीतलं.

"बूट! बूट काढा आधी! आज मला झाडता येत नाही!"

मी मटकन जमिनीवर बसले. जिन्याच्या, त्या जंतूंच्या जमिनीवर.

ती स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामधल्या फरशीवर पडलेली होती. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओढता आलं तेवढं स्वतःला ओढून तिनं दोरीवरचा टॉवेल आणि तो वाइन रंगाचा कोट अंगावर घेतला होता. हात बर्फासारखे. टेबलावर अख्खा मासा, डुकराचं मांस, हिरव्या भाज्या, तांदळाच्या पिठाचे गोळे, सगळं मांडलेलं. वाटी एकच.

मला पाहिल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं तो आनंद नव्हता. शाळेत कॉपी पकडल्यावर पोरांच्या तोंडावर येतं ते होतं.

"तुम्ही गेला नाहीत?" ती म्हणाली.

"नाही."

"मूर्ख आहात. रस्ते आज रिकामे असतात."

दुसऱ्या दिवशी हाओ आला. मिळेल त्या गाड्या बदलत, उभ्यानं. हॉस्पिटलात आईच्या खाटेशी उभा राहून त्यानं आधी तिला भरपूर ऐकवलं, मग बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडला. निरंजननं त्याला पाणी दिलं. मग हाओनं मला फोटो दाखवला. गाडी, गाडीचं उघडं दार, दारावर तिचा हात, खांद्याला माझी पिशवी. त्या फोटोत निघालेली ती एकटीच दिसत होती. आम्ही तिला पोहोचवायला आल्यासारखे.

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारलं, "आजी, एवढं खोटं कशाला?"

"खोटं काय त्यात?" ती म्हणाली. आवाज बसलेला होता, तरी शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. "त्याला सांगितलं, तुमच्याबरोबर जाते. तुम्हाला सांगितलं, तो येतोय. तो खूश, तुम्ही खूश. तो आला असता तर नोकरीत कटकट, दोन दिवस गाडीत, दोन दिवस माझ्यासमोर घड्याळ बघत. तुम्ही थांबला असतात तर हा," तिनं निरंजनकडे हनुवटी केली, "आठवडाभर तोंड पाडून बसला असता. म्हणून तर सकाळी बेल ऐकूनही मी ओरडले नाही. कोणाचं काय वाईट झालं?"

"मग एवढा स्वयंपाक कशाला केलात एकटीसाठी?"

आजीनं माझ्याकडे असं पाहिलं की एम.एस्सी.ला मला पास कोणी केलं असा तिला प्रश्न पडला असावा.

"वास यायला नको का तुमच्या दारात?"

आन्हुईचं ते गाव आम्ही कधीच पाहिलं नाही. लॉजवाल्यानं आगाऊ दिलेले पैसे परत केले नाहीत, बदकांचा एक फोटो मात्र पाठवला. उन्हाळ्यात आजी वॉकर घेऊन जिन्यात ओरडायला लागली आणि पुढं हाओ तिला शेन्झेनला घेऊन गेला. तिथं अकराव्या मजल्यावर तिला बोलायला कोणी नाही अशी तिची तक्रार असायची. मग आमचीही बदली झाली. आता आम्ही इंग्लंडात असतो. मैतू तिसरीत आहे, तिच्या पाठीवर एक मुलगाही आहे, आणि मी बाटल्या एकदाच उकळते.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दिवाळी असेल. माझी आई सांगलीत एकटी असते. यंदा यायला मला जमणार नाही, हे मी तिला फोनवर सांगितलं. तिला काही वाटलं नाही. म्हणाली, "तू कशाला जीव टांगतेस? मी नयनाताईंच्या ग्रुपबरोबर कोकणात चाललेय. चांगली मिनीबस आहे, खिडकीची जागा माझी. लॉजच्या मागं नारळाची बाग आहे. सकाळी घावणे देतात, आणि नारळाचं दूध वेगळं घेऊन येतात, आपलं आपण हवं तेवढं घ्यायचं."

नारळाचं दूध वेगळं, हे ऐकलं आणि मी फोन ठेवून नयनाताईंना लावला.

"आई?" त्या म्हणाल्या. "अगं, त्यांना मी किती आग्रह केला! नाही म्हणाल्या. लेक येतेय म्हणाल्या दिवाळीला. मुलांना घेऊन. विमानानं."

आईला मी काही बोलले नाही. बोलले तर ती नवी सहल काढेल, आणि ती मला पकडता येईलच असं नाही. तिकिटांचं बघते आहे. 'बघते' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. सांगलीत विश्रामबागेच्या पुढं, पाण्याच्या टाकीसमोर 'शरयू' नावाची इमारत आहे. दुसरा मजला, डावीकडचं दार, पाटीवर कुमुदिनी आपटे. त्या बाजूला कोणी राहत असाल, तर नरकचतुर्दशीच्या सकाळी जरा बेल वाजवा. आतून चकलीचा वास येईल, रेडिओ मोठ्यानं लागलेला असेल, त्यावर जाऊ नका. दार उघडायला वेळ लागला तर पुन्हा वाजवा, आणि उघडलंच नाही तर शेजारच्यांना उठवा. उघडलं तर ती म्हणेल, आत्ता निघतच होते, गाडी खाली उभी आहे. हो म्हणा, आत जा आणि बसा. चहा नको म्हणू नका.